ग्राहकाचे पैसे परत केले, तरी त्याचा हप्ता का कापला गेला?

पत्र

सप्रेम नमस्कार. मी वाद्यांचं ऑनलाइन दुकान चालवते. गिटार, कीबोर्ड, अँप्लिफायर आणि थोडंफार दुरुस्तीचं काम. गेल्या वर्षी चेकआउटवर ‘आता घ्या, नंतर भरा’ हा पर्याय सुरू केला आणि विक्री चांगलीच वाढली. मध्यंतरी एका ग्राहकाने कीबोर्ड परत केला. त्याला पैशांची घाई होती, म्हणून मी त्याच दिवशी पूर्ण रक्कम त्याच्या बँक खात्यात पाठवली. तीन आठवड्यांनी तो फोनवर संतापून बोलला: एक हप्ता कापला गेला, पुढचा चुकला म्हणून लेट फी लागली. आता हा पर्याय पुरवणाऱ्या पेमेंट कंपनीने माझं सेटलमेंट, म्हणजे विक्रीचे मला यायचे पैसे, अडवलं आहे आणि नोटीस पाठवली आहे. हा रिफंड आहेच, शिवाय आणखी तीन आक्षेप आहेत. माझ्या साइटवर मी लिहिलंय, ‘व्याज नाही, तपासणी नाही, सगळ्यांना मंजुरी’. या पर्यायावर मी ४ टक्के हाताळणी खर्च घेते, कारण तेवढं कमिशन मलाच सोसावं लागतं. आणि एका ग्राहकाची कंपनीने ठरवलेली कर्जाची मर्यादा कमी पडत होती, तर त्याची एक ऑर्डर मी दोन भागांत करून दिली. मी कुणाला फसवलेलं नाही. माल माझा, दुकान माझं, ग्राहक माझा, मग नियम त्यांचे का? हा पर्यायच काढून टाकू का?

— एक वाद्यविक्रेती

उत्तर

तुम्ही कुणाला फसवलेलं नाही, हे पत्रातून स्पष्ट दिसतं. तरीही नोटिशीतले चारही आक्षेप रास्त आहेत, आणि त्यातला रिफंडचा सर्वांत गंभीर आहे. तो नीट समजला की बाकीच्या तिघांची कारणं आपोआप उलगडतात, म्हणून आधी त्याकडे वळू.

ग्राहकाने तुमच्या चेकआउटवर ते बटण दाबलं तेव्हा एकाच वेळी दोन व्यवहार झाले. कीबोर्डची विक्री झाली, ती तुमच्या आणि त्याच्यामध्ये. आणि एक कर्ज दिलं गेलं, ते कंपनी आणि त्याच्यामध्ये. कंपनीने कमिशन कापून उरलेली रक्कम तुम्हाला एक-दोन दिवसांत दिली. तुमच्या दृष्टीने तो विषय तिथेच संपला, कारण तुमचे पैसे आले. ग्राहकाच्या बाजूने मात्र तो तेव्हा सुरू झाला, कारण आता तो कंपनीचा देणेकरी आहे. कीबोर्ड परत घेऊन तुम्ही विक्री रद्द केलीत. कर्ज रद्द झालं नाही, कारण ते रद्द करायला कंपनीला कुणी सांगितलंच नाही. तिच्या नोंदीत कीबोर्ड अजून त्याच्या घरी आहे आणि हप्ते चालू आहेत. ठरल्या तारखेला कार्डावरून पैसे आपोआप कापले गेले. पुढच्या तारखेला कार्डावर शिल्लक नव्हती, म्हणून लेट फी लागली. त्या बिचाऱ्याने तुमचे पैसे हातात आल्यावर प्रकरण मिटलं असं समजून ते खर्चही केले असतील.

म्हणून प्रत्येक करारात हा नियम कुठे ना कुठे असतोच: पैसे ज्या वाटेने आले, त्याच वाटेने परत जायचे. रिफंड कंपनीच्या पोर्टलवरून किंवा तुमच्या पेमेंट गेटवेवरून, त्या मूळ व्यवहारावरच टाकायचा. रोख नाही, बँक ट्रान्सफर नाही, दुसऱ्या कार्डावर तर मुळीच नाही. तुम्ही तिथे रिफंड टाकला की कंपनी उरलेले हप्ते रद्द करते, ग्राहकाने आधी भरलेला हप्ता त्याला परत करते आणि तेवढी रक्कम तुमच्या पुढच्या सेटलमेंटमधून वळती करून घेते.

कंपनी याबाबत इतकी कडक का असते, त्याचं आणखी एक कारण आहे आणि ते तुम्हाला माहीत असायला हवं. विक्रेता आणि ग्राहक संगनमत करून खोटी विक्री दाखवतात, कंपनीकडून पैसे उचलतात आणि ‘रिफंड’ म्हणून रोख वाटून घेतात. मालाच्या नावाखाली रोख कर्ज काढण्याची ही जुनी पद्धत आहे. कागदावर तुमचा चांगुलपणा आणि ही फसवणूक हुबेहूब सारखी दिसते. सेटलमेंट अडवणारी यंत्रणा तुमचा हेतू पाहू शकत नाही, तिला दिसतो तो फक्त परत आलेला माल आणि बाहेरून गेलेले पैसे.

आता या एका ग्राहकाचं काय करायचं ते पाहू. घाबरून पोर्टलवर लगेच रिफंड टाकू नका, नाहीतर तुमचे पैसे दोनदा जातील. आधी कंपनीला लेखी कळवा: माल कधी परत आला, बँकेतून किती रक्कम कधी पाठवली, त्याचा व्यवहार क्रमांक काय. मग दोन वाटा उरतात. एक, ग्राहक तुमची रक्कम तुम्हाला परत देतो आणि तुम्ही पोर्टलवरून रीतसर रिफंड टाकता. दोन, कंपनीच्या संमतीने ग्राहक त्याच पैशांतून आपलं कर्ज एकरकमी फेडतो आणि कंपनी ती ऑर्डर मिटवते. कोणतीही वाट धरा, पण कंपनीचं ‘हो’ ईमेलवर घ्या. लेट फी तुम्ही स्वतः भरून द्या, हे माझं स्पष्ट मत आहे. तो दंड त्याच्या चुकीचा नाही. आणि थकबाकीची नोंद पतमापन संस्थेकडे गेली असेल तर ती दुरुस्त करून घ्यायची मागणी कंपनीकडे तुम्ही स्वतः करा. बाकी सगळं पैशांनी भरून निघतं, खराब झालेली पत मात्र त्याला पुढच्या घरकर्जाच्या वेळी नडते.

पुढच्या परताव्यांसाठी काही बारकावे. पार्सल तुमच्याकडे परत पोहोचायला आणि तपासायला वेळ लागतो, तेवढ्यात हप्त्याची तारीख येते. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये ग्राहकाला ‘माल परत पाठवला’ अशी नोंद करता येते आणि मग तारीख पुढे ढकलली जाते. तुमच्या परतावा-पानावर ही सूचना ठळक लिहा. अर्धवट रिफंडही, म्हणजे गिटार ठेवली आणि केस परत केली तरी, पोर्टलवरूनच द्या. तो शेवटच्या हप्त्यातून वजा होतो की सगळ्या हप्त्यांत वाटला जातो, हे कंपनीनुसार बदलतं, ग्राहकाला सांगण्याआधी बघून घ्या. रिफंडऐवजी दुकानाचं व्हाउचर देऊ नका. व्हाउचर दिलं तर कर्ज तसंच उभं राहतं आणि ग्राहक परत केलेल्या मालाचे हप्ते भरत बसतो. काही कंपन्या ग्राहकाला एकदाच वापरायचं व्हर्च्युअल कार्ड देतात. तुमच्या नोंदीत ते साधं कार्ड पेमेंट दिसतं आणि हप्त्यांचा मागमूसही नसतो. म्हणून ‘मूळ व्यवहारावरच रिफंड’ हा नियम सरसकट सगळ्याच ऑर्डरींना लावा. रिफंड झाला तरी कमिशन परत मिळेलच असं नाही, तोही कराराचा भाग असतो. हिशेबातही विक्री पूर्ण किमतीला दाखवायची आणि कमिशन वेगळा खर्च म्हणून. हातात आलेल्या रकमेलाच विक्री धरलं तर कराचा हिशेब चुकतो.

युरोपीय संघात तर कर्ज आणि खरेदीची ही सांगड कायद्यानेच घातली आहे. २००८ च्या ग्राहक कर्ज निर्देशापासून, ग्राहकाने परताव्याच्या मुदतीत खरेदी रद्द केली की तिच्याशी जोडलेलं कर्जही रद्द होतं. कंपनीला हे पाळायचं तर खरेदी रद्द झाल्याचं तिला कळायला हवं, आणि ते पक्कं सांगणारी व्यक्ती तुम्हीच.

आता तुमच्या साइटवरचं वाक्य. ‘व्याज नाही, तपासणी नाही, सगळ्यांना मंजुरी.’ ही कर्जाची जाहिरात आहे, आणि ती तुम्ही तुमच्या नावाने केली आहे. ‘व्याज नाही’ हे बहुतेक वेळा खरं असतं, पण लेट फी असते आणि लांब मुदतीच्या योजनांवर व्याजही असतं. अटीशिवाय ते वाक्य अर्धवटच आहे. ‘सगळ्यांना मंजुरी’ हे कधीच खरं नसतं, कारण कंपनी प्रत्येक ऑर्डरला होकार किंवा नकार देते. आणि ‘तपासणी नाही’ हे तर आता बऱ्याच ठिकाणी सरळसरळ खोटं आहे. ऑस्ट्रेलियात १० जून २०२५ पासून अशा कंपन्यांना कर्जाचा परवाना आणि परतफेडीच्या क्षमतेची तपासणी बंधनकारक झाली. न्यूझीलंडने २ सप्टेंबर २०२४ पासून त्यांना ग्राहक कर्ज कायद्याखाली आणलं. ब्रिटनमध्ये तिथल्या वित्तीय नियामकाच्या, फायनॅन्शियल कंडक्ट ऑथॉरिटीच्या, देखरेखीची तारीख १५ जुलै २०२६ ठरली आहे. तिथे विक्रेत्याला त्यासाठी वेगळा परवाना सहसा लागत नाही, पण त्याच्या दुकानातून होणाऱ्या या कर्जाच्या जाहिरातीला परवानाधारक कंपनीची मंजुरी हवी. युरोपीय संघाचा २०२३ चा नवा निर्देश २० नोव्हेंबर २०२६ पासून लागू होतो. ‘कर्ज घेण्याचे पैसे पडतात’ अशा अर्थाचा ठळक इशारा तो जाहिरातीत मागतो, आणि कर्जाने तुमचं राहणीमान उंचावेल असं सुचवायला मनाई करतो.

तुमचं दुकान कुठल्या देशात आहे हे पत्रात नाही. पण ऑनलाइन विक्रीत ग्राहक जिथला, तिथला ग्राहक कायदाही बहुतेक वेळा लागू होतो. म्हणून माल जिथे जिथे पाठवता, त्या प्रत्येक ठिकाणचा नियम कंपनीला विचारा. ते सांगणं तिचं काम आहे आणि तिच्याकडे त्यासाठी माणसं असतात.

व्यवहारात यावर उपाय सोपा आहे: स्वतःचे शब्द काढून टाका. कंपनी जो तयार विजेट, म्हणजे साइटवर बसवायचा माहितीचा चौकोन, देते तोच वापरा, जशास तसा. त्यातला मजकूर कंपनी बदलते तेव्हा तुमच्या साइटवरही बदलतो. स्क्रीनशॉट काढून लावलेलं चित्र तसंच जुनं राहतं. मग सगळीकडे शोध घ्या: उत्पादनांची पानं, जुने ईमेल, सोशल मीडियावरच्या पोस्ट, पार्सलमध्ये टाकलेलं पत्रक. एक पोस्ट राहिली तरी पुढची नोटीस तिच्यावरून येईल. पेमेंटच्या पानावर हप्त्यांचा पर्याय आधीच निवडलेला असेल तर तोही काढा. स्वीडनमध्ये १ जुलै २०२० पासून ऑनलाइन विक्रीत कर्जाचा पर्याय सर्वांत वर किंवा आधीच निवडून ठेवता येत नाही, लगेच पैसे भरण्याचे पर्याय आधी दाखवावे लागतात. तुमच्याकडे असा कायदा नसला तरी हीच मांडणी ठेवा, असं मी सांगेन. कार्डाने पैसे भरायला निघालेला माणूस नकळत कर्जदार होऊ नये.

४ टक्क्यांचा मुद्दा तुम्हाला सगळ्यांत जास्त बोचत असणार, आणि मी तुमची नाराजी समजू शकतो. या पर्यायाचं कमिशन साध्या कार्डापेक्षा बरंच जास्त असतं, साधारण २ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान. छोट्या दुकानाच्या नफ्यातून तेवढं जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. ही तक्रार तुमच्या एकटीची नाही. ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेने, रिझर्व्ह बँक ऑफ ऑस्ट्रेलियाने, २०२१ मध्ये असं मत दिलं होतं की विक्रेत्यांना हा खर्च ग्राहकाकडून घेऊ न देणारी कलमं या कंपन्यांनी काढायला हवीत. पण मत आणि तुमचा करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या करारात ते कलम असेल तर ते सही केलेलं कलम आहे.

शिवाय यात एक खोल अडचण आहे, जी बहुतेक विक्रेत्यांच्या लक्षातच येत नाही. फक्त हप्त्यांचा पर्याय घेणाऱ्याकडून ४ टक्के जास्त घेतले, तर ते ४ टक्के कर्जाचा खर्च ठरू शकतात. मग तुम्ही ‘हाताळणी’ म्हणा नाहीतर आणखी काही. म्हणजे ज्या कर्जाला कंपनी ‘बिनव्याजी, बिनशुल्क’ म्हणते, ते तुमच्या दुकानात तसं राहत नाही. काही देशांत बिनशुल्क असण्यावरच कायद्यातली सवलत अवलंबून असते, आणि मग तुमच्या चेकआउटवरच्या एका ओळीने कंपनीची अख्खी कायदेशीर बाजू डळमळते. म्हणून ती ओळ आजच काढा. ज्यांच्याकडून घेतले त्यांचे ४ टक्के परत करा, अर्थात पोर्टलवरून. कमिशन परवडत नसेल तर हा पर्याय ठराविक रकमेच्या वरच्या ऑर्डरींनाच ठेवा, तारा, पिक्स, स्टँड असा कमी नफ्याचा माल त्यातून वगळा, आणि वर्षभराची विक्री पुढे ठेवून दर कमी करायला सांगा. कमिशन मागून कमी करून घेता येतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

ऑर्डरचे दोन तुकडे करणं पुन्हा करू नका. मर्यादा कमी पडते याचा अर्थ असा की कंपनीने त्या माणसाची परतफेडीची ताकद पाहून तो आकडा ठरवला आहे. तुम्ही तुकडे केलेत म्हणजे तो आकडा चुकवून त्याला जास्त कर्ज मिळवून दिलंत. उद्या त्याला हप्ते झेपले नाहीत तर ते ओझं त्याच्याच गळ्यात पडेल. त्याला अँप्लिफायर आधी आणि गिटार दोन महिन्यांनी घ्यायला सुचवा, किंवा कंपनीची सोय असेल तर सुरुवातीची मोठी रक्कम कार्डाने भरू द्या. याच धर्तीवर, ग्राहकाचा अर्ज तुम्ही किंवा तुमच्या माणसांनी भरू नका, त्याचा ओटीपी विचारू नका. नकार आला तर कारण विचारू नका. ते सांगायचा अधिकार कंपनीचा आणि ऐकायचा त्याचा. सहजपणे दुसरा पर्याय दाखवा.

बाकी गोष्टी चटकन. गिफ्ट कार्ड या पर्यायावर विकत असाल तर थांबवा, बहुतेक करारांत ते वर्ज्य असतं, कारण गिफ्ट कार्ड म्हणजे जवळजवळ रोख पैसा. ऑर्डर देऊन बनवायच्या गिटारींचे पैसे माल निघेपर्यंत उचलू नका. आधी फक्त मंजुरी घेऊन ठेवायची आणि पार्सल निघालं की रक्कम उचलायची. ती मंजुरी काही कंपन्यांत दोन आठवड्यांत संपते, काहींत सुमारे महिन्यात, म्हणून तीन महिने लागणाऱ्या गिटारीला हा पर्याय मुळातच योग्य नाही. माल मंजूर झालेल्या पत्त्यावरच पाठवा. ग्राहकाने फोन करून पत्ता बदलायला सांगितलं तर ऑर्डर रद्द करून नवी द्यायला सांगा. ट्रॅकिंग क्रमांक आणि पोहोच पावती जपून ठेवा. ‘माल मिळालाच नाही’ असा डिस्प्यूट आला आणि दिलेल्या मुदतीत पुरावा गेला नाही, तर कीबोर्डही जातो आणि पैसेही.

माल तुमचा, दुकान तुमचं, मग नियम त्यांचे का, असं तुम्ही विचारलंत. माल तुमचाच आहे. पण ग्राहकाला मिळालेले पैसे त्यांचे आहेत, आणि ते बुडण्याची जोखीम कंपनीने उचलली आहे. ग्राहकाने हप्ते बुडवले तर कंपनी तुमच्याकडे येत नाही, आणि हा तुमचा मोठा फायदा आहे. त्या बदल्यात ती नियम घालते. मात्र करार ग्राहकाचा कायदेशीर हक्क कापू शकत नाही, हेही तितकंच खरं. सदोष वस्तू परत घेणं, ठरलेल्या मुदतीत परतावा देणं, ही तुमची जबाबदारी कंपनीचं कलम काहीही म्हणो, तुमचीच राहते.

कराराची पन्नास पानं एका बैठकीत वाचायची गरज नाही. वर्ज्य माल, रिफंड, डिस्प्यूटच्या मुदती, सेटलमेंट रोखण्याचा किंवा राखीव ठेवण्याचा अधिकार, आणि लोगो व मजकूर वापरण्याचे नियम, एवढे भाग शांतपणे वाचा. न कळलेली ओळ तुमच्या खातेव्यवस्थापकाला ईमेलने विचारा. फोनवरचं उत्तर नंतर कुणालाच आठवत नाही.

हा पर्याय कायमचा काढू नका, पण सुधारणा होईपर्यंत आठवडाभर बंद ठेवा आणि तसं कंपनीला आपणहून कळवा. स्वतःहून थांबलेल्या विक्रेत्याकडे कंपनी वेगळ्या नजरेने पाहते. नोटिशीचं उत्तर लांबवू नका, त्यात बाजू मांडण्यापेक्षा पुरावे जोडा: बदललेल्या पानांची चित्रं, परत केलेल्या ४ टक्क्यांची यादी, रिफंडची नवी लेखी पद्धत. अडवलेल्या रकमेबद्दल ती किती, कुठल्या कलमाखाली आणि कोणत्या तारखेला सुटेल, हे नेमकं विचारा. नुसतं ‘तपास सुरू आहे’ हे उत्तर स्वीकारू नका.

आणि नोटिशीचं हे उत्तर पाठवायच्या आधी त्या कीबोर्डवाल्या ग्राहकाला फोन करा. त्याचा पुढचा हप्ता कोणत्या तारखेला कापला जाणार आहे ते विचारून घ्या, कारण कंपनीशी जे काही ठरवायचं ते त्या तारखेच्या आत ठरायला हवं.